अस्तरात शिवलेला पासपोर्ट

धाकट्यानं घातलेला टाका उसवत नाही. कोट झिजेल, घालणारा म्हातारा होईल, टाका जागच्या जागी. थोरला भाऊ हे ज्याला त्याला सांगत सुटतो, पण खोटं सांगत नाही. वडलांनी दोघांनाही मशीनवर बसवलं होतं. थोरला पँटींवरच राहिला, धाकटा कोटापर्यंत पोचला आणि कोटाच्या जोरावर परदेशी गेला. अख्ख्या भावकीत असा दुसरा दाखवा.

तिथल्या पहिल्या मालकानं त्याचे पासपोर्टासकट सगळे कागद ‘सांभाळतो’ म्हणून आपल्या कपाटात ठेवले. पुढं वडील गेले, तेव्हा मालक किल्ली घेऊन कुठंतरी फिरायला गेलेला. धाकट्यानं फोनवरच रडून घेतलं. तेव्हापासून कागदांच्या बाबतीत तो सख्ख्या बायकोवरही विश्वास टाकत नाही.

आता त्याला तिकडचं नागरिकत्व मिळालं होतं. जुना पासपोर्ट जमा केला, नवा करकरीत हातात आला. आणि त्याच सुमाराला थोरल्याचा फोन.

“आईच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. ती म्हणते, धाकट्याला बघितल्याशिवाय आत जायची नाही. डॉक्टर म्हणतात, फार थांबता येणार नाही.”

“येतो.”

“येतो म्हणू नकोस, नीघ.”

जिथं जन्मला तिथं जायलाच आता व्हिसा लागत होता. तो हाती पडेपर्यंत धाकट्यानं नवा कोट शिवला आणि अस्तरात छातीपाशी चोरखिसा केला.

बायको म्हणाली, “गळ्यात पिशवी अडकवा की. चारचौघं तेच करतात.”

“पिशवी कापतात. अंगातला कोट कोण कापतो?”

“शिंप्याशी लग्न केलं, भोगते आता.”

विमानतळावर सामान देताना त्यानं पासपोर्ट दाखवला. तपासणीत त्याची लहान कात्री काढून घेतली, तीही त्यानं मुकाट्यानं दिली. पुढच्या खिडकीवर शिक्का बसला. झालं, त्याला वाटलं, आता दाखवायचं काही उरलं नाही. पहिल्यांदा परदेशी आला तेव्हा सगळं मालकाच्या माणसानं केलं होतं, हा नुसता मागं मागं चालला होता, आणि त्यानंतर विमानात बसलाच नव्हता. त्याला काय माहीत. तो बाकावर बसला, कॉलरमागची सुई काढली, खिशातलं रीळ काढलं, आणि मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्यानं चोरखिशाचं तोंड शिवून टाकलं. बारीक, सारखे टाके. शेजारचा माणूस बघतच राहिला.

विमानात सोडायच्या दाराशी गणवेशातल्या बाईनं हात पुढं केला. “पासपोर्ट.”

“आत्ताच दाखवला की.”

“त्यांना दाखवलात. मला नाही.”

“कोटात आहे.”

“मग काढा.”

“शिवलाय.”

बाईनं पहिल्यांदाच मान वर केली. रांगेतून एकजण म्हणाला, “शिंपी आहात की काय?”

“आहे.”

“मग उसवा की, मास्तर.”

“माझी शिवण उसवत नाही,” धाकटा म्हणाला. घाम फुटला होता, तरी एवढं सांगितलंच. थोरल्याचंच रक्त आहे ते, कुठं जाईल.

नखानं टाका धरवेना. दात लावले, तर टाका कापडात रुतलेला. सुईनं उचलायला गेला, सुईच मोडली. बाईनं त्याला बाजूला उभं केलं आणि मागच्यांना सोडायला लागली. म्हणाली, “दार बंद व्हायच्या आत दिसला तर जाल. नाहीतर उद्याचं बघा.”

उद्याचं बघून चालणार नव्हतं. एकदा तो असाच अडकला होता आणि वडलांचं तोंड दिसलं नव्हतं.

धाकट्यानं कोट काढला. आयुष्यात त्यानं कापड फाडलं ते मापानं, खूण करून. इथं अस्तराची कड दातात धरली आणि उभ्या धाग्यानं टर्रकन ओढलं. अस्तर छातीपासून खालपर्यंत गेलं. टाके मात्र एकूण एक तसेच. पासपोर्ट खाली पडला, बाईनंच उचलला, पान बघितलं. “चला, पळा.”

इस्पितळात तो आला तेव्हा आई स्ट्रेचरवर होती, थोरला शेजारी उभा. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“परक्या मुलखाचा झालास म्हणे. आईला भेटायला परवानगी लागते?”

“लागते.”

“मिळाली?”

“मिळाली.”

“मग ढकल. हे लोक कधीचे खोळंबलेत.”

स्ट्रेचरच्या डोक्याकडची बाजू धरायची ती थोरल्या लेकानं. मान त्याचाच. पण त्या दिवशी त्यानं ती धाकट्याला दिली आणि स्वतः पायांकडं गेला.