आवाज व धूळ: दहापैकी तीन

माझ्या निळ्या फाइलमध्ये एक फुलस्केप कागद आहे. त्यावर मी तीन वृद्धाश्रमांना गुण दिले आहेत. एका जागी आकडा खोडून दुसरा लिहिला आहे आणि शेजारी माझी सही आहे. मागच्या रविवारी फोनवर तुमच्यापैकी मोठीने विचारलं, "आजी, तू आजोबांना घरातून का पाठवलंस?" मी म्हटलं, लिहून कळवते. म्हणून हे लिहिते आहे. धाकट्यालाही वाचून दाखव.

आजोबा शेवटची काही वर्षं शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात होते. मोटारींचे पत्र्याचे भाग तिथे बनायचे आणि पत्रा दाबून आकार देणारा विभाग, प्रेस शॉप, त्यांच्याकडे होता. पहाटे पावणेसहाला आमच्या अशोक नगरच्या कोपऱ्यावर कंपनीची बस यायची. रिटायर होऊन तीन वर्षं झाली आणि त्यांना विसर पडायला लागला. आधी शब्द गेले, मग माणसं. बस मात्र राहिली. ते पाचला उठत, दाढी करत, शर्ट खोचत, डबा मागत.

मी रोज सांगत असे, "अहो, तुम्ही रिटायर झालात. पाच वर्षं झाली."

"असं? मग मला कुणी सांगितलं का नाही?"

प्रत्येक सकाळी ही बातमी त्यांना नवीन असायची. चेहरा उतरायचा, ते पलंगावर बसायचे आणि बुटाची लेस सोडायचे. मी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. चुकीचं उत्तर तसंच सोडून पुढे जाणं मला जमत नाही. मला वाटे, रोज बरोबर उत्तर सांगितलं तर कधीतरी पाठ होईल.

एका सकाळी मी आंघोळीला गेले असताना ते बाहेर पडले आणि कोपऱ्यावर आलेल्या एका बसमध्ये चढले. ती दुसऱ्याच कंपनीची होती. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात डबा. ड्रायव्हरला ते कुणी तपासणीला आलेले साहेब वाटले. कामाला निघालेल्या तरुण मुलांनी उठून पुढची सीट दिली. नऊ वाजता श्रीपेरुंबुदूरच्या त्या कारखान्यातून फोन आला. त्यांच्या खिशाच्या आतल्या बाजूला मी आमचा नंबर शिवून ठेवला होता. पलीकडचा सुपरवायझर गोंधळलेला होता; 'सर'ला तो इथल्या पद्धतीने 'सार' म्हणत होता. "मॅडम, एक सार आले आहेत. तिसऱ्या मशीनला गार्ड नाही, कुणाचा हात आत जाईल म्हणून ओरडतायत. गार्ड खरंच नाही. ते बरोबर बोलतायत, पण ते आहेत कोण?"

खालच्या मजल्यावरच्या मामी हसून हसून बेजार झाल्या. "तुमच्या मिस्टरांना पुन्हा नोकरीवर ठेवा म्हणावं," म्हणाल्या. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून दाराला कुलूप लावलं.

कुलूप लावल्यावर आठव्या दिवशी माझं मनगट मोडलं. त्यांनी मला ढकललं नाही. ते दार ओढत होते आणि मी मध्ये आले. प्लास्टर घातल्यावर तुमच्या बाबांचा फोन आला.

"आई, आता घरी नाही जमणार."

"हो," मी म्हटलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. दवाखान्याच्या प्रतीक्षालयातल्या फरश्या मी आडव्या मोजल्या होत्या, त्या सतरा होत्या, हे मात्र आजही आठवतं.

बाबांनी ईमेलवर एक यादी पाठवली. कोपऱ्यावरच्या ब्राउझिंग सेंटरमधून मी ती छापून आणली. तुम्ही राहता तिकडच्या, परदेशातल्या वृद्धाश्रमांसाठी केलेली यादी होती ती. कुत्रा आणू देतात का, केस सेट करायला कोण येतं, चॅपल आहे का. मी त्यातलं उपयोगाचं तेवढं ठेवलं आणि दहा मुद्दे केले. प्रत्येकाला दहा गुण. जिने, न्हाणीघर, जेवण, किती माणसांमागे एक नर्स, डॉक्टर किती लांब, बाहेर पडण्याचा धोका, शांत वातावरण, आवाज व धूळ, असं. डाव्या हाताला प्लास्टर होतं, उजवा मोकळा होता. लाल पेन्सिल माझ्याकडे होतीच.

तीनही ठिकाणी मी न कळवता गेले, साडेबाराला, जेवणाच्या वेळी. आधी न्हाणीघर बघायचं आणि मग ऑफिस, असं ठरवलं होतं.

पहिलं शहरात, देवळामागच्या गल्लीत. सांबार गरम होतं, फरशी कोरडी होती. तिथल्या मॅनेजरबाई फार सभ्यपणे म्हणाल्या, "ज्यांना स्वतःची ओळख आहे त्यांनाच आम्ही घेतो." मी आभार मानून निघाले. कागदावर गुणांऐवजी आडवी रेघ ओढली.

दुसरं पेरुंगुडीला. नवी इमारत, चौथा मजला, खिडकीतून काचेची ऑफिसं दिसत होती. लिफ्ट कार्डाशिवाय चालत नव्हती. नर्सेस प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत आणि पूर्ण वाक्यात देत होत्या. शंभरपैकी चौऱ्याऐंशी.

तिसरं श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे, अगदी रस्त्यावर. बैठं घर, फाटकाला जाळी, आत आंब्याची दोन झाडं आणि झाडाखाली सिमेंटचा बाक. समोरून ट्रक आणि कंपन्यांच्या बसेस सारख्या जात होत्या. पानांवर धूळ होती. तिथली मुख्य सिस्टर केरळची, लष्करी इस्पितळातून रिटायर झालेली. ती बोलता बोलता एका आजींची नखं कापत होती आणि माझ्यासाठी तिने ते काम थांबवलं नाही. शंभरपैकी एकाहत्तर. आवाज व धूळ या मुद्द्याला मी तीन दिले होते.

बाबांना फोनवर आकडे वाचून दाखवले. "मग ठरलंच की," ते म्हणाले.

ठरलंच होतं. आजोबांना जागा दाखवायला दोन तास पेरुंगुडीला नेलं. ते लिफ्टसमोरच्या खुर्चीत बसले, डबा मांडीवर. जो येईल त्याला विचारत होते, "बस खाली लागली का?" एक नर्स म्हणाली, "सर, इथे बस येत नाही." हे माझ्याच रोजच्या उत्तरासारखं होतं. मग ते उठले आणि लिफ्टच्या दारावर थापा मारायला लागले. दोघांनी मिळून त्यांना बसवलं. नर्सने मला बाजूला घेतलं. "पहिले काही दिवस सगळेच असं करतात. आम्ही औषध सुरू करतो, मग शांत होतात."

मी हॉलमध्ये पाहिलं. नऊ माणसं टीव्हीसमोर बसली होती. टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. पहिल्या भेटीत मी ही माणसं पाहिली होती आणि "शांत वातावरण" या मुद्द्याला नऊ गुण दिले होते.

आम्ही टॅक्सीत बसलो. मी ड्रायव्हरला घराचा पत्ता सांगणार होते. सांगितला श्रीपेरुंबुदूरचा रस्ता. तसा काही विचार केला नव्हता.

पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, दिवसाची शिफ्ट सुटत होती. आजोबा टॅक्सीतून उतरले, कॉलर सारखी केली, जाळीच्या फाटकातून आत गेले आणि कुणी न सांगता बाकावर जाऊन बसले. समोरून एक बस गेली, मग दुसरी. त्यांनी घड्याळ बघितलं.

"लेट आहे," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. 'अहो, तुम्ही रिटायर' इथपर्यंत जिभेवर आलं होतं. तेवढ्यात सिस्टर स्टीलच्या पेल्यात कॉफी घेऊन आली.

"हो सार, आज लेट आहे. वाटेत टायर पंक्चर झालाय. कॉफी घ्या तोवर."

"कुठला टायर?"

"मागचा."

"मागचाच असणार," आजोबा म्हणाले. "त्या ड्रायव्हरला दहा वेळा सांगितलंय." आणि त्यांनी कॉफी घेतली. सगळी प्यायले. घरी ते अर्धी टाकत.

सिस्टर मला हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, अंधार पडला की म्हणायचं, आज सुट्टी जाहीर झाली. मग जेवायला येतात. आमच्याकडे एक पोस्टमास्टर आहेत, त्यांना मी रोज सांगते, टपाल आलं नाही."

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली आणि रिकामा पेला घेऊन आत गेली.

घरी आल्यावर मी तक्ता पुढे घेतला. बोर्डाचे पेपर तपासताना आमचा एक नियम होता. एकूण गुण मुखपृष्ठावर चढवले की आतले गुण बदलायचे नाहीत. फारच चूक झाली असेल तर एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, नवा शेजारी लिहायचा आणि सही करायची. इतक्या वर्षांत मला तसं कधी करावं लागलं नव्हतं. त्या संध्याकाळी आवाज व धूळ यासमोरचे तीन खोडले आणि दहा लिहिले. सही केली. एकूण बदलून अठ्ठ्याहत्तर झाले, तरी चौऱ्याऐंशीपेक्षा कमीच. पेरुंगुडीचे नऊ मला खोडता आले असते. मी ते तसेच ठेवले. पहिल्या भेटीत मला जे दिसलं होतं तेही कागदावर राहू दे म्हटलं.

बाबा चिडले. "आई, तक्ता तुझाच आहे ना? मग कमी गुणांचं कसं निवडतेस? रस्त्यावरचं घर, धूळ..."

"पुनर्तपासणी केली," मी म्हटलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे मी परीक्षक होते आणि निकाल मी लावलाय."

मग बाबा म्हणाले, "बरं."

आजोबांना पोचवायला गेले तेव्हा बॅगेत चार पांढरे शर्ट, सहा बनियन, दाढीचं सामान आणि डबा होता. सगळ्या कपड्यांवर नंबर शिवलेला. निघताना मला काही वाटलं का, हे मला विचारू नका. परतीच्या बसमध्ये मी तिकीट नीट घडी घालून पाकिटात ठेवलं.

आता दर मंगळवारी आणि शनिवारी जाते. पहिली बस धरली तर सात वाजता पोचते. औषध त्यांना रक्तदाबाचं तेवढं चालू आहे. गेल्या शनिवारी ते बाकावरच होते, दाढी केलेली, बूट घातलेले. मी शेजारी बसले. बराच वेळ आम्ही रस्ता बघत होतो. मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. अठ्ठेचाळीस वर्षं ते मला 'अगं' म्हणत आले.

"बाई, तुम्ही कोणत्या शिफ्टला?"

मी उत्तर दिलं, "जनरल."

"मग तुमची बस साडेआठची. अजून वेळ आहे." डबा उचलून त्यांनी मांडीवर घेतला आणि मला नीट टेकता येईल एवढी जागा केली. "बसा निवांत. माझीही लेट आहे."