तुमच्या नावावर काय आहे?

जामीन मंजूर झाला, असा वकिलाचा फोन आला आणि मी येड्यासारखं पुरण शिजत घातलं. धाकट्या भावाला पोळी लागते ती तुपात बुडवलेली, हे आमच्या अख्ख्या भावकीला ठाऊक आहे. नवऱ्याला म्हटलं, रिक्षा घेऊन जेलच्या दारात थांबा, संध्याकाळपर्यंत सोडतील. तो गेला आणि दिवेलागणीला एकटाच परत आला. मी वकिलाला फोन लावून ओरडलेच. वकील गार आवाजात म्हणाला, "ताई, मंजूर झाला म्हणजे सुटला नाही. जामीनदार आणा, मग सुटेल."

माझं माहेर वळसंगजवळ. आईवडील दोघंही गेले, आता तिथं दोन भाऊ. थोरल्याला आम्ही अण्णा म्हणतो. धाकटा डोक्यानं तापट, मनानं साधा. विहिरीच्या पाळीवरून भावकीतल्या एकाशी बाचाबाची झाली, यानं हातातली काठी घातली आणि समोरच्याचं डोकं फुटलं. माणूस वाचला, देवाची कृपा. पण पोलिसांनी मोठं कलम लावलं आणि हा आत गेला. चूक त्याचीच होती, ते मी नाकारत नाही. तरी भाऊ आहे माझा.

हे जामिनाचं प्रकरण मला काय माहीत? टीव्हीवरच्या इंग्रजी पिक्चरमध्ये पाहिलेलं, की दुकानात जायचं, थोडे पैसे भरायचे, दुकानवाला माणूस सोडवून आणतो. मी मोबाईल घेतला आणि चक्क शोधलं, 'सोलापुरात जामीन देणारी कंपनी'. दुसऱ्या दिवशी वकिलाला विचारलं तर तो एवढा हसला की चहा सांडला त्याचा. मला असा राग आला! इथं माझा भाऊ आत आणि याला हसू येतंय. मग बिचाऱ्यानं नीट समजावलं. आपल्याकडं तसलं दुकान नसतं. कोर्टाला माणूस लागतो. त्यानं स्वतःच्या नावावरच्या जमिनीचा नाहीतर घराचा उतारा दाखवायचा आणि लिहून द्यायचं, की आरोपी तारखेला आला नाही तर ठरलेली रक्कम मी भरीन.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "मग मीच राहते की जामीन. सख्खी बहीण आहे."

"चालेल की. तुमच्या नावावर काय आहे?"

मी बोटांवर मोजायला घेतलं. नवऱ्याची रिक्षा फायनान्सवर, राहतं घर सासूचं. आणि माहेरची जमीन? तिच्यातला माझा हिस्सा मीच सोडलेला.

वडील वारल्यावर अण्णानं हक्कसोडीचा विषय काढला होता. धाकटा मोटारसायकलवर मला न्यायला आला. कचेरीत जाताना आम्ही वाटेत उसाचा रस प्यायलो, लई हसलो. मी सही केली, अंगठा दिला. वहिनीनं साडी नेसवली. सगळे म्हणाले, पोरीनं माहेर राखलं, आणि मलाही मेलं कौतुक वाटलं स्वतःचं. कुणी फसवलं असतं तर भांडले तरी असते. मला कुणी फसवलं नाही, हेच जास्त लागतं.

आता राहिला अण्णा. त्याला फोन करून सगळं सांगितलं. मग म्हणाला, "सातबाऱ्यावर बोजा चढंल. पुढं मला पाईपलाईन करायची हाय. आन् त्यो तारखेला न्हाई गेला तर?"

"कुठं जातोय तो? त्याला पुण्याची गाडी कुठं लागते ते माहीत नाही!"

"ऱ्हाऊ दे जरा आत. कळू दे त्याला."

मी रडले, भांडले, पाया पडते म्हटलं. अण्णानं हात वर केले ते केलेच. वाईट माणूस नाही तो. माझ्या दोन्ही बाळंतपणात दवाखान्याच्या दारात बसून होता. पण जमिनीचा कागद म्हटलं की त्याच्या अंगात दुसराच कोणीतरी येतो.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली एक माणूस बसायचा. मांडीवर पिशवी, पिशवीत उतारे. मला रोज बघून त्यानं ओळखलं असणार. हळूच म्हणाला, "जामीनदार पायजे का, ताई? आरोपी कुणी का आसंना." खोटं कशाला बोलू, जीव ओढला त्याच्याकडं. वकिलानं दंडाला धरून बाजूला नेलं. "असले भाड्याचे जामीनदार पकडले जातात. मग भावाचा जामीन तर जातोच, तुम्हीपण गोत्यात याल."

इकडं जेलात मुलाखतीला गेलं की धाकटा जाळीपलीकडून एकच विचारायचा, "आक्का, आज हुईल का?" आधी मोठ्यानं विचारायचा. नंतर नंतर नुसता ओठ हलवायचा.

सासूला मी आत्या म्हणते. आमचं कधी पटलं नाही. माझ्या भाकरीला नाव ठेवल्याशिवाय तिला जेवण जात नाही. तिनं उभी हयात विड्या वळल्या आणि विडी कामगारांच्या घरकुलात तिच्या एकटीच्या नावावर घर मिळालं. तिला विचारायची माझी छाती नव्हती. एक दिवस तीच लुगड्याचा पदर खोचत समोर आली.

"उतारा कुटं मिळतोय त्यो?"

"कशाला, आत्या?"

"कशाला म्हंजे? भाऊ सडवायचा हाय व्हय आत? तुजं रडकं त्वांड बघून माजी भाकर ग्वाड लागंना झालीया."

मला हसू आलं आणि रडूही आलं. एवढी वर्षं जिच्याशी भांडले, तिच्या पायावर डोकं ठेवलं. तर म्हणते, "सर की, पाय दुकत्यात."

उतारा काढला, घरपट्टीची पावती, रेशन कार्ड, फोटो, सगळं जमवलं. कोर्टात साहेबांनी विचारलं, "आजी, आरोपी तारखेला आला नाही तर रक्कम तुम्हाला भरावी लागेल. समजलं का?"

"न्हाई आला तर कानाला धरून आनते की, सायेब."

साहेब खाली बघून हसले आणि सही केली.

संध्याकाळी धाकटा बाहेर आला. गालफडं बसलेली, अंगातला शर्ट दुसऱ्या कुणाचा वाटावा असा. मी पुढं झाले तर माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "अण्णा कुटंय?"

"अण्णा नाही आला. आत्या जामीन राहिल्यात तुला."

तो आत्याच्या पाया पडला. रिक्षात तो माझ्या शेजारी बसला. मग माझ्याकडं सरकला आणि आत्याला ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात बोलला, "म्हाताऱ्या माणसाला कशाला तरास दिलास गं, आक्का? सख्खी बहीन हायस. तूच का न्हाई ऱ्हायलीस जामीन?"

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा नव्हता. मला सहीला कचेरीत नेलेलं त्याला खरंच आठवत नव्हतं.