मिलिंदचा खेळ आणि अक्का

कोर्टात तारखेला आलेला माझ्या सासरचा, ईट गावचा एक माणूस दुपारच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या फाटकाशी उभा होता. मला बघून त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि तो बोलायच्या आधीच मला कळलं. "कौसाअक्का गेल्या, बाई. सकाळी चुलीवर चहा ठिवला अन् तितंच भिंतीला टेकल्या. आवाज न्हाय, काय न्हाय..." मुख्याध्यापिकांना सांगून मी घरी गेले, हे ऑफिसातून आले, आणि आम्ही भूमची गाडी धरली. गाडीत मला रडू आलं नाही. नुसता थकवा आला होता. एखाद्या माणसाचं दुःख वर्षानुवर्षं शेजारी बसून बघितलं की आपणही कुठंतरी थकत जातो, आणि ते माणूस गेल्यावरच आपल्या लक्षात येतं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन ईटला आले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ चालू होता. सासरी पहिल्या आठवड्यातच अक्कांनी मला रस्त्याच्या कामावर नेलं. खडी फोडायची, आणि दुपारी सुकडी मिळायची ती पदरात घेऊन बाभळीखाली खायची. माझ्या हाताला फोड आले तर अक्कांनी धडप्याच्या चिंध्या गुंडाळून दिल्या आणि म्हणाल्या, "तू शिकलेली हाईस. हितं लई दिस ऱ्हाऊ नगंस. नोकरी बघ." पुढं मी डी.एड. केलं, धाराशिवला शिक्षिका झाले, ते त्या एका वाक्याच्या जोरावर. घरातल्या दुसऱ्या कुणी ते म्हटलं नव्हतं.

त्यांना मिलिंद हा एकुलता एक. त्याला यंत्राचं वेड. गावात कुणाचा रेडिओ बंद पडला की तो आमच्याच ओसरीवर उघडून बसलेला असायचा. ग्रामपंचायतीत टीव्ही आला तेव्हा अँटेना वळवायला छपरावर हाच. आयटीआय करून तो जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात वायरमन म्हणून लागला आणि दर रविवारी घरी येऊ लागला. एकदा सौदीला गेलेल्या त्याच्या मित्रानं त्याला एक चपटं, तळहाताएवढं यंत्र आणून दिलं. व्हिडिओ गेम. काचेच्या चौकटीत वरून पाण्याचे थेंब पडायचे आणि खालचा काळा माणूस बादली घेऊन ते झेलायला इकडून तिकडं धावायचा. दोन बाजूंना दोन बटणं. थेंब पडताना टिक टिक वाजायचं, सांडला की भोंगा. तीन सांडले की खेळ खलास. अक्कांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या, "बरंय बाबा ह्याचं. ह्याला वरून पडतंय तरी. आमी धा वरीस नुसती बादली घिऊन पळायलोय." मिलिंद इतका हसला होता की त्याचे थेंब सांडले.

रविवारी जेवणं झाली की तो उंबऱ्यावर बसून खेळायचा. ती टिकटिक म्हणजे पोरगं घरात आहे, असं अक्कांनी धरलेलं. एका रविवारी त्यानं आईला यंत्राच्या कोपऱ्यातला आकडा दाखवला. "आई, ह्यो माझा आकडा. सगळ्यात मोठा. यंत्र बंद केलं तरी आत ऱ्हातो ह्यो." अक्कांना अक्षरं येत नव्हती, पण आकडे कळायचे.

मग त्याला कावीळ झाली. झाडपाला झाला, मग सोलापूरचा दवाखाना झाला, पण कावीळ उलटली होती. चोविसाव्या वर्षी पोर गेलं. त्याच्या कारखान्यातल्या ट्रंकेत दोन शर्ट, टेस्टर, पक्कड आणि तो खेळ निघाला.

नंतरच्या दिवसांत घरात माणसांची रीघ होती. जो येई तो काहीतरी सांगून जाई. कुणी म्हणे सगळं अनित्य आहे, कुणी म्हणे वयच होतं तेवढं, कुणी आपल्याच गेलेल्या माणसाचं सांगत बसे. अक्का मान हलवायच्या. माणसं पांगली की यंत्र बाहेर काढायच्या, बटण दाबून तो आकडा बघायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. खेळायच्या नाहीत. तो आकडा आत आहे की नाही, एवढंच बघायच्या. मला वाटायचं, बघू दे. मी तरी दुसरं काय देऊ शकत होते?

काही महिन्यांनी काच फिकी पडायला लागली. आकडा दिसण्यासाठी यंत्र तिरकं धरावं लागे. अक्का ते घेऊन एकट्या धाराशिवला माझ्याकडं आल्या. आम्ही मारवाड गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या एका घड्याळवाल्या चाचांकडं गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण काढलं आणि म्हणाले, "अम्मा, सेल खतम झालाय. नवा घालतो. पण सेल काढला की ह्याच्या पोटातलं सगळं पुसलं जातं."

"आकडा बी?"

"आकडा बी. न काढला तरी चार दिवसांत जाणारच हाय. निकालूं क्या?"

"वाईच थांबा," अक्का म्हणाल्या. यंत्र हातात घेऊन त्या दुकानाच्या बाकड्यावर बसल्या. काच उन्हाकडं तिरकी धरून बघत राहिल्या. चाचा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा पट्टा बसवायला लागले, मी रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले. बऱ्याच वेळानं अक्कांनी यंत्र परत चाचांच्या हातात दिलं. "काढा."

नवा सेल पडला, काच काळीभोर उमटली आणि कोपऱ्यात शून्य आलं. शनिवार होता म्हणून मी त्यांना पोचवायला ईटपर्यंत गेले. गाडीनं येडशी गाव मागं टाकल्यावर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सुमन, एकदा सोलापुरात गेला... अन् एकदा आज, त्या बाकड्यावर." तेवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाण्याची टंचाई आली. विहिरीत खडक दिसायला लागले, टँकर सुरू झाले. मी मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेले तर पाराजवळ घागरींची रांग, आणि रांगेत आपल्या घागरीवर टेकून अक्का बसलेल्या. हातात यंत्र. टिक, टिक, टिक. दोन्ही अंगठे चाललेले. शेजारची बाई म्हणाली, "कौसा, काय टकटक लावलीस?" अक्कांनी मान वर केली नाही. "माझी बादली भरायलीय. तुझी कवा भरायची बघ." रांग हसली. अक्काही हसल्या, आणि मिलिंद गेल्यावर मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना बघितलं.

मागून कुजबुजही होतीच. म्हातारपणी पोराचं खेळणं घेऊन बसली, डोकं फिरलंय, वगैरे. अक्कांना त्याचं काही नव्हतं. मला एकदा म्हणाल्या, "मान्सं बोलत्यात तवा डोकं त्यांचं ऐकतं अन् पोराला बी आठवतं. ह्यात तसं न्हाय. थेंब पडायला लागला की झेलावाच लागतो. तेवढ्यापुरतं सुटतं बघ..." मी आजवर दुःखावर पुष्कळ वाचलं आहे. ह्याच्यापेक्षा खरं मला कुठं सापडलेलं नाही.

पण घरात आणखी एक माणूस होतं. दादा, अक्कांचे यजमान. ते गावातल्या दूध सोसायटीत दूध मापायचे. मिलिंद गेल्यावर त्यांचं बोलणंच आटलं होतं. त्यांना ती टिकटिक सहन होत नसे. ज्या आवाजानं अक्का तगून होत्या, त्याच आवाजानं दादा दर वेळी उंबऱ्याकडं बघायचे, आणि उंबरा रिकामा असायचा. एकदा जेवताजेवता ते ताटावरून उठले. "बंद कर ते. न्हायतर म्या जातो कुठंबी." अक्कांनी बंद केलं. त्या दिवसापासून त्या यंत्र घेऊन गोठ्यामागं बसायच्या आणि दादा सोसायटीच्या खोलीतच झोपायला लागले. एका पोराच्या दोन आठवणी एका छपराखाली मावेनात. आम्ही मध्ये पडून बघितलं. ह्यांनी भावाची समजूत काढली, मी अक्कांची. काही उपयोग झाला नाही. अशा वेळी बोलणारी माणसं किती जड होतात, ते मला तेव्हा समजलं.

त्या पावसाळ्यात दादांना हिवताप झाला आणि सोसायटीतल्या लोकांनी त्यांना घरी आणून टाकलं. मी रजा काढून गेले. अक्का कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, पेज पाजायच्या. दोघांत शब्द नव्हता. तिसऱ्या का चौथ्या दुपारी ताप उतरला. मी चुलीपाशी होते, अक्का भिंतीला टेकून नुसत्या बसल्या होत्या, हात मांडीवर मोकळे. दादा वाकळेतून म्हणाले, "ते कुठंय?"

"काय?"

"त्याचं... वाजायचं."

"ठिवलंय पेटीत. न्हाय वाजवत."

दादांनी वाकळ छातीवरून खाली सारली. मग म्हणाले, "वाजीव. लई सुनं लागतंय."

अक्कांनी पेटी उघडली. टिक, टिक, टिक... दादांनी कूस वळवून भिंतीकडं तोंड केलं. त्यांची पाठ हलत होती. अक्का खेळायच्या थांबल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि अंगठे चालू होते. मी पेजेचं भांडं उतरवून परसात जाऊन उभी राहिले.

दादा बरे झाले, पण सोसायटीत झोपायला पुन्हा गेले नाहीत. पुढं कधीतरी त्यांनी यंत्र हातात घेतलं. दूध मापणारा हात, पण थेंब धडाधड सांडायचे. "अवो, डावीकडं! डावीकडं पडायलंय!" अक्का ओरडायच्या. "दिसतंय मला," दादा करवादायचे. ते दोघं सुखी झाले असं मी म्हणणार नाही. मिलिंदचं नाव निघालं की अजूनही घर गप्प व्हायचं. पण आता दोघं एकाच ठिकाणी गप्प व्हायची.

अक्कांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, बुद्धवंदना झाली, माणसं गेली. आम्ही दादांना धाराशिवला चला म्हणून विनवलं. ते म्हणाले, "हितं सकाळचं दूध येतं. कोण मापणार?" यंत्राचं काय करायचं, ते मी विचारलं नाही. ते फडताळात, चहाच्या डब्याशेजारी होतं. दादांच्या हाताला येईल असं.

आम्ही दोघं निघालो तेव्हा दादा चपला घालून बरोबर आले. इतक्या वर्षांत ते मला पोचवायला कधी स्टँडवर आले नव्हते, ते काम अक्कांचं. अक्का गाडी सुटली तरी हलायच्या नाहीत. हात वगैरे करायच्या नाहीत, पदर डोक्यावर घेऊन नुसत्या उभ्या राहायच्या, गाडी वळणाआड होईपर्यंत. दादांनी माझी पिशवी कंडक्टरच्या हातात दिली आणि बाजूला झाले. मला वाटलं, जातील आता, दूध यायची वेळ झालीय. गाडी सुटली. मी मागच्या काचेतून बघितलं. उपरणं डोक्यावर घेऊन दादा तिथंच उभे होते. आम्ही वळणाआड गेलो तरी उभेच असतील.