पूजा न झालेली गाडी

सरांनी जंगलखात्याच्या विश्रामगृहासाठी अर्ज केला आणि परवानगी आली. त्यानंतरच बाकीच्यांना सहलीची आठवण झाली.

सर म्हणजे माझे मित्र, निवृत्त शिक्षक. देवळाली कॅम्पला राहतात. पत्नीच्या लांबलेल्या आजारपणात त्यांची मोटारसायकल आच्छादनाखाली उभी होती आणि पत्नी गेल्यावरही ती तशीच राहिली. गेल्या हिवाळ्यात ते एवढेच म्हणाले की गुजरातेतलं वांसद्याचं जंगल बघायचंय, येता का. मी हो म्हणालो. सकाळी फिरायला येणाऱ्यांत टाइल्सचा एक व्यापारी होता. त्याने हे ऐकले आणि त्याच्यासोबत त्याचा बँकेतला मेहुणाही आला. दोघांच्या सहलीची चार गाड्यांची सहल झाली.

आखणी व्यापाऱ्याच्या कॉलेज रोडवरच्या फ्लॅटमध्ये झाली. आधी त्र्यंबकेश्वर, मग दिंडोरीवरून वणीच्या देवीचा गड, पुढे सापुतारा उतरून वाघई आणि वांसद्याचे राष्ट्रीय उद्यान, परतताना पेठचा घाट. नकाशा टॅबलेटवर उघडला होता. व्यापारी शेव खात होता आणि त्याच बोटांनी नकाशा सरकवत होता. थोड्या वेळाने उद्यानाचा हिरवा भाग तेलाखाली दिसेनासा झाला. त्याने तो बाहीने पुसला, तेल आणखी पसरले. देवळांबद्दलची चर्चा पासांची होती. कुठे ओळख आहे, कुठे रांग टाळता येते, कुठले दर्शन किती लवकर उरकता येते. ‘उरकणे’ हा शब्द त्या संध्याकाळी वारंवार आला.

सर बौद्ध आहेत. देवळात जात नाहीत. तुम्ही दर्शन घेऊन या, मी खाली चहा घेतो, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले.

“उलट बरंच झालं की सर,” व्यापारी म्हणाला. “हेल्मेटं, बॅगा बघायला घरचा माणूस मिळाला.”

मेहुणा हसला. सरांनी चहाचा घोट घेतला. घरचा माणूस हे विशेषण त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच मिळाले होते.

पुढच्या बैठकीत गाड्यांच्या पूजेचा विषय निघाला. लांबच्या प्रवासाआधी गाडीला हळदकुंकू, हार, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ, हे नाशिकला कोणी कोणाला समजावत नाही. व्यापाऱ्याने गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर. गुरुजींनी वेळ सांगितली आणि गाड्या किती ते विचारले.

“चार. पण पूजेच्या तीन,” व्यापारी म्हणाला. माझी गाडी त्या तिनांत होती. मला कोणी विचारले नव्हते. गुरुजी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

मग व्यापाऱ्याने सरांना समजावून सांगितले की पूजेच्या वेळी त्यांनी आपली गाडी रस्त्याच्या पलीकडे लावावी. गुरुजींचे तसे म्हणणे असते. निघतानाही पूजेच्या गाड्या पुढे राहतील, सरांची शेवटी. ताफ्यात शेवटी अनुभवी माणूसच लागतो, हा मान आहे. बोलताना त्याचा स्वर आजारी माणसाशी बोलतात तसा मऊ होता. गुरुजींनी यातले काहीही म्हटले नव्हते. फोन आम्ही चौघांनी ऐकला होता.

मी तसे म्हणालो. मेहुण्याने, जाऊ द्या हो, पत्रकारांना सगळ्यात बातमी दिसते, असे म्हणून शेवेची ताटली माझ्याकडे सरकवली. सरांनी हाताने मला थांबवले. ते जंगलाकडे बघून सगळे सहन करत होते, हे मला कळत होते.

त्यानंतर दारूचा विषय आला. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे इथूनच न्यायला हवी. बाटल्या किती आणि कुठल्या यावर दोघांचे पटकन एकमत झाले. राहिला प्रश्न नेण्याचा. व्यापाऱ्याने शांतपणे, हिशेबी माणसाच्या सुरात तो सोडवला.

“बाटल्या पूजेच्या गाडीवर नकोत. गडावर जायचंय आपल्याला. सरांच्या बॅगेत टाकू. त्यांच्या गाडीची पूजा नाहीच आहे.”

हे टोमणा म्हणून बोलले गेले नव्हते. समोर बसलेला माणूस आयुष्यात दारूला शिवलेला नाही, नाक्यावर पकडला गेला तर गुन्हा त्याच्या नावावर नोंदला जाईल, उतारवयात तो परराज्यातल्या पोलीस ठाण्यात बसेल, यातले काहीही त्या दोघांच्या मनात आले नव्हते. त्यांना फक्त देवीची काळजी होती. माझ्या नोकरीत मी बरीच किळसवाणी वाक्ये छापून आणली. इतक्या सोज्वळ चेहऱ्याने उच्चारलेले त्यात एकही नव्हते.

सरांनी कप खाली ठेवला.

“शेठ, परवानगी माझ्या नावावर आहे,” ते म्हणाले. “मी जाणार आहे. तुम्ही येऊ नका.”

“अहो सर, गंमत केली.”

“गुरुजींच्या नावानं पण गंमतच होती का?”

व्यापारी मेहुण्याकडे बघून हसला, पण मेहुण्याला कोणत्या बाजूने हसावे ते कळले नाही. आम्ही उठलो. दुसऱ्या दिवशी सरांच्या मोबाइलवर व्यापाऱ्याचा निरोप आला. मन दुखावले असल्यास क्षमस्व, सोबत जोडलेले हात, आणि खाली, परवानगी दुसऱ्याच्या नावावर करून मिळते का तेवढे बघावे. सरांनी तो मला दाखवला आणि पुसून टाकला.

माघात आम्ही दोघे निघालो. वणीच्या पायथ्याशी फक्त चहा घेतला. सापुताऱ्यापुढे तपासणी नाक्यावर शिपायाने हात केला. माझ्या बॅगेवर त्याने नुसती थाप मारली. सरांची मात्र पूर्ण उघडायला लावली. स्वेटर, दुर्बीण, औषधांची पिशवी, भाकऱ्यांचा डबा असे सगळे एकेक करून रस्त्याकडेच्या कठड्यावर मांडले गेले. शिपायाने डब्याचा वासही घेतला. मग जा म्हणाला.

सर सामान परत भरू लागले. बॅगेचा पट्टा त्यांच्याकडून लागेना. मी पुढे झालो तर त्यांनी मान हलवली. पट्टा त्यांनी स्वतःच लावला, वेळ घेऊन. मग ते कठड्यापाशी गेले, खाली थुंकले, तोंड पुसले आणि गाडी सुरू केली.