पाहुणीने घासलेली भांडी

मिरेला लवळ्याच्या एका कॉलेजात महिनाभर शिकवायला आली होती. सत्तरीची, इटलीची, माझ्यासारखीच ज्यू. रविवारी तिला मुळशीचं धरण दाखवायला निघाले. गाडीत बसताच तिने बजावलं, "कुणी विचारलं तर आपण कोण ते सांगू नकोस. आईने लावलेली सवय आहे."

पौड मागे पडलं, डोंगर जवळ आले आणि माले गावापाशी टायर बसला. समोरच्या घरातून एक बाई बाहेर आल्या, हिराबाई. त्यांचा मुलगा जॅक घेऊन टायरला भिडला आणि आम्हाला ओटीवर चटई मिळाली.

"तुमी कोनच्या?" हिराबाईंचा पहिलाच प्रश्न.

"आम्ही ज्यू. कोकणात आम्हाला शनवारतेली म्हणायचे," मी सवयीने बोलून गेले आणि जीभ चावली. "तेलाचे घाणे होते. शनिवारी कामाला हात लावायचे नाहीत."

"मंग बरं झालं आज आईतवार हाय. न्हाईतर गाडी हितंच ऱ्हायली असती!"

मी मिरेलाला याचा अर्थ सांगितला. ती आधी दचकली, मग खदखदून हसली.

जेवायला तांदळाची भाकरी आणि चिलापीचं (धरणातला खवल्यांचा मासा) कालवण आलं. जेवताना हिराबाईंनी विचारलं, "तुमच्या देशात बी शनवार पाळत्यात का?" मी प्रश्न मिरेलाला सांगितला. शनिवारचं सोडून ती आपल्या आईची गोष्ट सांगू लागली आणि मी मराठीत सांगत गेले.

तिची आई आठ वर्षांची असताना मुसोलिनीच्या सरकारने कायदा केला : ज्यू मुलांना शाळा बंद. पाठोपाठ आजोबांची सरकारी नोकरी गेली. मग घरी ख्रिस्ती मोलकरीण ठेवायला बंदी आली. मग रेडिओ नेला. टेलिफोनच्या पुस्तकातलं नावसुद्धा खोडलं.

"दर खेपंला जरा जरा," हिराबाई म्हणाल्या. "म्हंजी मानसाला वरडायची बी लाज वाटावी. आन् शेजारी?"

"गप्प. फक्त तेरेसा यायची, आजोबांकडची जुनी मोलकरीण. म्हणायची, मी कामाला नाही, पाहुणी म्हणून आले. कॉफी प्यायची आणि बोलता बोलता सगळी भांडी घासून जायची."

हिराबाईंनी मांडीवर थाप मारली. "लई हुशार बाई! पाव्हनीनं भांडी घासू न्हाई, आसा कायदाच न्हवता!"

पुढे जर्मन सैनिक ज्यूंना धरून न्यायला लागले, तेव्हा तेरेसाने मिरेलाच्या आईला आपल्या डोंगरातल्या गावी नेलं आणि भाची म्हणून सांभाळलं. आजी-आजोबांना मात्र पकडून नेलं. ते परत आले नाहीत.

हिराबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मग मिरेलाच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. जेवण झाल्यावर मिरेला ताटं उचलून मोरीकडे निघाली. मी अडवणार, तोच हिराबाई म्हणाल्या, "घासू द्या की. पाव्हनीच हाय ती." दोघी शेजारी बसून भांडी घासत होत्या, एकमेकींच्या भाषेचा एक शब्द कळत नसताना हसत होत्या.

धरण आम्ही उन्हं उतरताना पाहिलं. खरं सांगायचं तर फारसं पाहिलं नाही. मिरेला आईबद्दल बोलत होती, मी ऐकत होते.

तिला लवळ्याला सोडून पुण्यात घरी आले. आमच्या कितीतरी पिढ्या या मातीत गेल्या आणि असा बंदीचा एकही सरकारी कागद कधी आमच्या दारावर आला नाही. हे मला नेहमीचंच वाटायचं. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे मलिदा (गोड पोह्यांचा आमचा नैवेद्य) होता. शेजारच्या वहिनी दरवर्षी न बोलावता येतात. या वेळी मी मुद्दाम त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "वहिनी, याल ना?"