लार्ग्सची सेकंडहँड बोट

काल आमच्या घरासमोर एक बोट येऊन उभी राहिली. सेकंडहँड, पांढरी, ट्रेलरसकट... फोटो टाकल्यापासून ‘भाड्याची का गं?’ असे मेसेज येतायत, म्हणून एकदाच सगळं सांगते.

कल्पना नितीनची. माझा नवरा मूळचा मालवणचा. आम्ही राहतो त्या ग्लासगोपासून तासाभरावरच्या समुद्रात उन्हाळ्यात बांगडे मिळतात हे कळल्यापासून तो सुपरमार्केटातल्या माशांकडे बघेनासा झाला.

आमच्या मुलींना, इराला आणि तनूला, माशांशी देणंघेणं नव्हतं. त्यांना रबरी रिंगवर बसून बोटीमागून सुसाट जायचं होतं. मी म्हटलं, दोन्ही जमेल अशी बोट शोधू. जड ट्रेलर ओढायची वेगळी ड्रायव्हिंग टेस्टही मीच दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाले... रिव्हर्ससकट.

जाहिरात लार्ग्स या किनाऱ्यावरच्या गावातल्या ॲलिस्टर नावाच्या गृहस्थांची होती. सत्तरी ओलांडलेले, रिटायर्ड सुतार, खांदा दुखतो म्हणून बोट विकून टाकायची होती. आमच्याकडे आधी कधी बोट नव्हती हे मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “बघायला या. विकेनच असं म्हणत नाही.”

आम्ही गेलो तो मे महिन्यातला शनिवार होता. ऊन बरं होतं, पण वारा किनाऱ्याकडून आत समुद्राकडे सुटला होता. ॲलिस्टरनी आम्हा सगळ्यांना लाइफजॅकेट घालायला लावली आणि पट्टे स्वतः ओढून बघितले. “आई, हा जॅकेट मला टोचतो,” तनू कुरकुरली. जॅकेट ‘ते’ असतं हे तिला अजून पटलेलं नाही.

इंजिन लगेच सुरू झालं. बोटीच्या कडा उंच, आत ऐसपैस जागा, वेग घेतला तरी फार हेलकावे नाहीत. थोड्या वेळाने ॲलिस्टरनी सुकाणू माझ्याकडे दिलं आणि मी मनातल्या मनात बोट घेऊनही टाकली...

परत वळलो तेव्हा इराने विचारलं, “तो माणूस हात का हलवतोय?”

लांबवर एक छोटी बोट होती. एक आजोबा उभे राहून दोन्ही हात वर-खाली करत होते आणि दोन लहान मुलं तळाशी बसली होती. इंजिन बंद पडलेलं. वारा त्यांना सरळ समोरच्या बेटाच्या खडकांकडे नेत होता आणि मुलांच्या अंगात नुसते स्वेटर होते.

ॲलिस्टरनी रेडिओवरून कोस्टगार्डला कळवलं. लाइफबोट निघाली, पण ती पोचायच्या आधीच ती मुलं खडकांवर गेली असती. आता ॲलिस्टर सुकाणू घेतील असं मला वाटलं... ते दोर सोडवत म्हणाले, “तूच चालव. मी सांगतो तसं.”

वाऱ्याकडे तोंड ठेव. जवळ जा, चिकटू नकोस. अजून हळू... मला फक्त त्यांचा आवाज आणि खडकांवर फुटणारं पाणी ऐकू येत होतं. नितीनने फेकलेला दोर आधी पाण्यात पडला. दुसऱ्यांदा आजोबांच्या हातात गेला. पण गाठ काही बसेना. इरा इकडून त्या मुलांना मोठ्याने पण शांतपणे सांगत होती, खाली बसा, हलू नका, आम्ही आहोत.

गाठ बसली. दोर ताणला गेला आणि ती बोट आमच्या मागून सरकायला लागली. थोड्या वेळात लाइफबोट आली आणि त्या तिघांना घेऊन गेली. जाताना आजोबांनी हात छातीवर ठेवला.

धक्क्यावर आल्यावर नितीनने आधी मुलींची जॅकेट काढली. मग म्हणाला, “नको घ्यायला. किती पटकन होतं गं हे सगळं...”

भीती मलाही वाटली होती. पण वेळेला हातपाय चालले होते, आणि ते माझ्या चांगलं लक्षात होतं. मी म्हटलं, आपण शिकू आणि मग घेऊ. दोघांनी कोर्स करायचा, तोवर बोटीला हात लावायचा नाही.

ॲलिस्टर शेजारी दोर गुंडाळत होते. मी त्यांना इंग्रजीत सगळं सांगितलं. “कोर्स करून या,” ते म्हणाले. “तोपर्यंत दुसऱ्या कुणाला दाखवत नाही.”

आम्ही केला. दोघंही पास झालो. काल जाऊन बोट घेतली.

निघताना त्यांनी ट्रेलरचे पट्टे दोनदा तपासले आणि बजावलं, थोडं अंतर गेल्यावर थांबा, उतरून परत बघा. आम्ही रस्त्याकडेला गाडी थांबवायच्या पहिल्याच जागेत, ले-बायमध्ये, थांबलो. नितीन चाकांना हात लावून गरम झालीत का बघत होता, तेवढ्यात माझा मोबाइल वाजला.

“थांबलात का?” ॲलिस्टर होते.

थांबलो, म्हटलं. सगळं ठीक आहे. “बरं. घरी पोचल्यावर फोन कर,” ते म्हणाले आणि ठेवून दिला.

आई गेल्यापासून मला हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं... घरी पोचल्यावर बोटीचं कव्हरसुद्धा न घालता मी आधी त्यांना फोन केला.