चांदी कोंबडीच्या तोंडाचा वास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून तर माझ्या चहातला साखरेचा जास्तीचा चमचासुद्धा लपत नसे. मग तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. बसा जरा. सुरुवात कोंबडीपासून करतो — तिथून सोपं जाईल.

चंद्रपूरचे दोन तुकडे होऊन गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरची ती वर्षं. मी मूळचा आरमोरीचा. मास्तर म्हणून नेमणूक झाली ती जंगलातल्या एका गोंडांच्या गावात. पंचवीसएक घरं, कुडाची शाळा. बायकोमुलं आरमोरीलाच राहिली. गावात मी गुरुजी होतोच. लवकरच कोंबड्यांचा डॉक्टरही झालो. ती विद्या माझ्या आईची. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी ती प्रत्येकीच्या गळ्याखाली दोन बोटं लावून पाहायची. कोंबडी दाणे टिपते ते आधी तिथल्या थैलीत साठतात आणि रात्रभरात खाली उतरतात. सकाळी थैली रिकामी लागली की कोंबडी ठीक. टणक गोळा लागला तर आत गवत नाहीतर तणस अडकलेली — तेलाचे दोन-चार थेंब पाजायचे, हलक्या हातानं चोळायचं. आणि पाण्यानं भरल्यासारखी मऊ लागली, तोंडाला आंबूस वास आला, तर खाल्लेलं आतच आंबलंय. एवढंच मला येत होतं. पण वासरांत लंगडी गाय शहाणी. लोक काखेत कोंबड्या घेऊन शाळेच्या दारात उभे राहायचे आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं.

आता दुसरं सांगतो. त्या गावात मोहाची दारू देवालाही लागायची आणि माणसांनाही. त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नव्हतं. लपवत होतो तो मी एकटा. पोरांना वर्गात दारूचे तोटे घोकायला लावायचे आणि परसात, कुडाच्या भिंतीआड, एका मडक्यात मोहफुलं आंबत घालायची — सडवा म्हणतात त्याला, त्याचीच पुढे दारू गाळतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी तर कोरडाही नव्हतो!

एका वर्षी पोळा झाला आणि गावातल्या बायका एक झाल्या. गोटुलापुढं, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागी, सभा भरली. दारू बंद. प्रत्येक घरानं आपला सडवा आणून सगळ्यांदेखत ओतायचा. पुढे कुणाकडे सापडला तर त्याचं नाव वहीत लिहायचं आणि वर्षभर त्याला सणाच्या पंगतीला बोलवायचं नाही. ठराव कुणी लिहिला? मीच. माझं अक्षर चांगलं होतं. मी खुर्चीत बसून लिहीत होतो आणि लोक मडकी आणून ओतत होते. सगळ्यांत मोठं मडकं आणलं दलसूनं. गावातला नावाजलेला पिणारा. त्यानं ते नुसतं ओतलं नाही, लाथ मारून फोडलं आणि स्वतःच हसायला लागला. त्याची बायको पारबता पदर तोंडाला लावून रडत होती. मला कुणी विचारलंच नाही. गुरुजींना कोण विचारणार?

माझं मडकं घरात तसंच राहिलं. चार-सहा दिवस भीतीनं झोप नीट लागेना. मग एका दुपारी, सगळे धानाच्या बांध्यांत निंदायला गेलेले असताना, मी तो सडवा मागच्या खड्ड्यात ओतला आणि वर पळसाची पानं टाकली. माती लोटायला हवी होती. आळस केला. म्हणजे बघा, मी दारू सोडतच होतो — पण हे मी माझ्या बाजूनं सांगत नाहीये. फक्त काय झालं ते सांगतोय.

दोन दिवसांनी पारबता आली. हातात चांदी. ही तिची पांढरी, करड्या ठिपक्यांची कोंबडी. माहेराहून पिल्लू असताना आणलेली, तिच्या मागंमागं पाण्याला जाणारी. ही देवाला नाही द्यायची आणि पाहुण्यालाही नाही, असं तिनं घरात सांगून टाकलं होतं. मूल नव्हतं त्यांना. चांदीची मान खाली गेलेली, पिसं फुगलेली. मी गळ्याखाली बोटं लावली. मऊ, लिबलिबीत. चोच उघडली आणि वास आला.

तो वास मी ओळखणार नाही?

पारबतानंही तो घेतला होता. म्हणाली, "गुरुजी, हा वास मोहाचाच हाये ना जी? आमच्या घरी तं आता काईच नाई. का त्यानं कुठी लपवून ठेवला?"

पाहा, इथंच सगळं होतं. एक वाक्य. 'माझ्या घरामागं खड्डा आहे, तिथं चरली असेल.' एवढंच बोलायचं होतं. मी काय म्हणालो? म्हणालो, "वास तर सडव्याचाच आहे, पारबताबाई." मग फार मायेनं कोंबडीचा इलाज सांगायला लागलो. तिनं चांदीचे पाय धरून तिला उलटी करायला घेतली होती — तिकडं कोंबडी नेहमी तशीच नेतात — तर मी तिचा हात धरला. उलटी केली तर थैलीतलं पाणी श्वासात जाईल, जीव जाईल, सरळ धर. एक दिवस दाणा बंद, डाल्याखाली झाकून ठेव, पाणी घोटघोट. मग दोन दिवस मऊ भात, थोडा थोडा. सगळं बरोबर सांगितलं. कोंबडीशी मी खोटं बोललो नाही.

पारबता गेल्यावर मी खड्ड्यावर माती लोटली. चांगली हातभर.

चांदी तिसऱ्या दिवशी दाणे टिपायला लागली. पण पारबतानं तोवर घर उलथंपालथं केलं होतं. काही सापडलं नाही; वाळलेल्या मोहफुलांची टोपली होती, ती तर प्रत्येकाच्या घरी खायला असतेच. पण दलसूचा इतिहास मोठा. बातमी फुटली आणि पुन्हा सभा भरली. दलसू उभा राहिला, त्यानं आपल्या देवाची शपथ घेतली. कुणाला खरं वाटलं नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. गुरुजी, तुम्ही सांगा. मी म्हणालो, "कोंबडीच्या तोंडाला सडव्याचा वास होता. मला एवढंच ठाऊक."

त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं. त्याच्या आधारानं दुसरं खपलं.

वहीत त्याचं नाव लिहायचं होतं. ते मीच लिहिलं. त्याच चांगल्या अक्षरात.

पोळ्यापासून तो माणूस एक थेंब प्यायला नव्हता. पंगतीतून उठवल्यावर म्हणाला म्हणे, "न पेता पेलेलाच ठरलो, तं आता पेऊनच घेतो." नाल्यापलीकडच्या गावात बंदी नव्हती. मी त्या गावात आणखी तीन वर्षं होतो आणि ती तिन्ही वर्षं तो रोज नाला ओलांडत होता. पारबता त्याच्याशी बोलायची बंद झाली. चांदीशी मात्र बोलायची.

आणि मला अंडी यायची. आठवड्याला दोन, चांदीची, पानात गुंडाळलेली. जीव वाचवला म्हणून पारबता पाठवायची. घेऊन कोण यायचा? दलसूच. एकदा शुद्धीवर होता. अंडी उंबऱ्यावर ठेवली आणि तिथंच उकिडवा बसला. खाली पाहत म्हणाला, "गुरुजी, तुमी शिकलेले मानूस. तुमाले तरी वाटते का जी, मी ठेवला होता म्हून?"

आम्ही दोघंच होतो. परसातला खड्डा त्याच्यापासून वीस पावलांवर. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे दलसू," मी म्हणालो, "माणसाकडून चूक होते. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही."

त्यानं मला हात जोडले. मी अंडी उचलली आणि आत गेलो.